धोक्याच्या देशात जावे की न जावे? : वसईचे संत गोन्सालो गार्सिया



चंद्रपूर-बल्लारपूरच्या कामगार वस्त्यांतून आणि गडचिरोलीच्या खेड्यांतूनही आता आपली मुले-मुली परदेशाची वाट धरू लागली आहेत. कोणी नर्स म्हणून जाते, कोणी वेल्डर म्हणून, कोणी शिक्षणासाठी. व्हिसा हातात येतो, तिकीट निघते आणि नेमकी त्याच सुमारास टीव्हीवर त्या देशातल्या गोळीबाराची, दंगलीची, युद्धाची बातमी दिसते. मग घरात दोन तट पडतात. आईचा जीव खालीवर होतो, मुलाला मात्र हातची संधी सोडवत नाही. अशा वेळी धर्मगुरूकडे प्रार्थना मागितली जाते आणि प्रार्थनेच्या आडून सल्लाही मागितला जातो.

सल्ला देण्याआधी आम्ही आज एका माणसाचे जीवन आपल्यापुढे ठेवतो. तो कुठल्या दूर देशाचा नव्हे, आपल्याच महाराष्ट्राचा. भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून ख्रिस्तसभा ज्यांना मान देते ते वसईचे संत गोन्सालो गार्सिया. त्यांनी धोक्याच्या देशात जाण्याचा निर्णय एकदा नव्हे, अनेकदा घेतला. दर वेळी कारण वेगळे होते. म्हणूनच त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

वसईचा मुलगा

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगिजांना दिली. त्यानंतर वसईच्या किल्ल्यात चर्च उभी राहिली, शाळा निघाल्या. या वसईत सुमारे १५५६-५७ साली गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथल्याच मातीतली. दोन भाषा आणि दोन रीती त्यांना घरातच मिळाल्या. पुढे आयुष्यभर ते दोन माणसांच्या मध्ये उभे राहून एकाचे बोलणे दुसऱ्याला समजावून सांगत राहिले, त्याची सुरुवात बहुधा घराच्या ओट्यावरच झाली असावी.

किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंकडे त्यांचे शिक्षण झाले. वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी, १५७२ च्या सुमारास, ते या धर्मगुरूंबरोबर जपानला निघाले. त्या काळी हा प्रवास म्हणजे वाऱ्याच्या मर्जीचा खेळ. गोवा, मलाक्का, मकाव असे मुक्काम करीत, एकेका बंदरात अनुकूल वाऱ्याची महिनोन्महिने वाट पाहत जावे लागे. वाटेत वादळे होती, चाचे होते, रोगराई होती.

आणि पुढे जपान कसा होता? सबंध देश सरदारांच्या आपापसांतील लढायांनी पेटलेला. ओदा नोबुनागा हा सरदार एकेक प्रांत जिंकत होता. १५७३ साली त्याने जुन्या शोगुन घराण्याला राजधानीतून हाकलून दिले. म्हणजे गोन्सालो पोहोचले ते ऐन धामधुमीत. परंतु हा पहिला प्रवास त्यांचा स्वतःचा निर्णय म्हणता येणार नाही. पंधरा वर्षांचा मुलगा वडीलधाऱ्यांच्या विश्वासावर जातो. त्या मुलाने मात्र एक मोठे काम केले. तो तिथली भाषा शिकला, अगदी जपानी माणसाला आपली वाटावी अशी. पुढे अनेक वर्षे त्यांनी धर्मशिक्षक म्हणून गावोगाव सेवा केली.

दुसरा रस्ता

येशूसंघात आपला स्वीकार व्हावा ही गोन्सालो यांची मोठी इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. आपल्यापैकी ज्यांच्या मुलांना एखादा दरवाजा उघडता उघडता बंद झालेला पाहावा लागला, त्यांना ही गोष्ट जवळची वाटेल. गोन्सालो यांनी मिशनचे काम सोडले आणि ते व्यापारात शिरले. पूर्वेकडील बंदरांतून त्यांचा माल जाऊ-येऊ लागला. व्यवसायात त्यांचा जम चांगला बसला.

हा दुसऱ्या प्रकारचा परदेशप्रवास. इथे धोका पत्करला तो पोटासाठी आणि नफ्यासाठी. ख्रिस्तसभेने याला कधी कमी लेखलेले नाही. कष्टाची कमाई हीसुद्धा देवाची देणगी आहे. व्यापाऱ्याचा हिशेब मात्र सरळ असतो : जोखीम किती आणि मिळकत किती. जोखीम वाढली तर व्यापारी जहाज वळवतो आणि त्यात गैर काही नाही. जी वस्तू पैशासाठी आहे, तिच्यासाठी प्राण द्यायचे नसतात.

व्यापार करता करता गोन्सालो फिलिपिन्समधील मनिला येथे आले. तिथे फ्रान्सिस्कन संघाच्या व्रतस्थांचे साधे, गरिबांत मिसळलेले जीवन त्यांनी पाहिले. भरभराटीचा धंदा बाजूला ठेवून त्यांनी त्या संघात ब्रदर म्हणून प्रवेश घेतला. ते धर्मगुरू झाले नाहीत, अखेरपर्यंत ब्रदरच राहिले. जपान आता मागे पडला होता. तिथे परत जाण्याचे त्यांना काही कारणही नव्हते.

मनिलावरचे सावट

कारण निर्माण झाले ते राजकारणातून. नोबुनागानंतर तोयोतोमी हिदेयोशी सर्व जपानचा सत्ताधीश झाला. १५८७ साली त्याने परदेशी धर्मगुरूंनी देश सोडावा असे फर्मान काढले. ते कडकपणे अमलात आले नाही, पण रद्दही झाले नाही. टांगत्या तलवारीसारखे डोक्यावर राहिले. पुढे हिदेयोशीने मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरकडे शरणागतीची मागणी करणारे पत्र धाडले. १५९२ साली त्याच्या प्रचंड फौजा कोरियात उतरल्या. मनिलातल्या लोकांना पुढचा घाव आपल्यावर पडणार असे वाटू लागले. तहाची बोलणी करण्यासाठी हुआन कोबो नावाचे डोमिनिकन धर्मगुरू वकील म्हणून १५९२ साली जपानला गेले. परतीच्या वाटेवर फोर्मोसा, म्हणजे आजच्या तैवानजवळ त्यांचे जहाज बुडाले आणि त्यातच त्यांचा अंत झाला.

अशा परिस्थितीत गव्हर्नर गोमेस पेरेस दासमारिन्यास यांनी दुसरा वकील पाठवायचे ठरवले. निवड झाली फ्रान्सिस्कन संघाचे फादर पेद्रो बाउतिस्ता यांची. त्यांना जपानी येत नव्हते. मनिलाच्या मठात ती भाषा अस्खलित बोलणारा, त्या लोकांचे मन जाणणारा ब्रदर होता, तो म्हणजे वसईचा गोन्सालो.

या निर्णयापुढे आणखी एक अडचण होती. १५८५ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी जपानचे मिशनकार्य केवळ येशूसंघाकडे सोपवले होते. फ्रान्सिस्कनांनी तिथे जाणे योग्य की अयोग्य, याबद्दल धर्मपंडितांत मतभेद होते. मनिलात यावर विचारविनिमय झाला आणि मगच जाण्याचे नक्की झाले. २६ मे १५९३ रोजी फादर पेद्रो, ब्रदर गोन्सालो आणि त्यांचे सहकारी जपानकडे निघाले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा विवेकाबद्दलचा विचार आम्ही अभ्यासला होता. विवेक म्हणजे भित्रेपणा नव्हे आणि हुशारीही नव्हे. त्याच्या तीन पायऱ्या आहेत : आधी सल्लामसलत, मग निवाडा आणि शेवटी कृती. सल्ला न घेता उडी मारणारा अविवेकी. सर्व विचार झाल्यावरही पाऊल न उचलणारा तोही अविवेकीच. मनिलाच्या या प्रसंगात तिन्ही पायऱ्या दिसतात. धोका लपवलेला नव्हता. कोबो यांचे मरण ताजे होते. विरोधी मत ऐकून घेतले गेले. काम नेमके होते : युद्ध टाळणे. आणि त्या कामासाठी गोन्सालोच का, याचेही उत्तर स्पष्ट होते.

दुभाषा

हिदेयोशी तेव्हा क्यूशू बेटावरील नागोया येथे होता. कोरियाची मोहीम तो तिथूनच चालवीत होता. त्या उग्र सत्ताधीशासमोर फादर पेद्रोंचे म्हणणे गोन्सालो यांनी जपानीत मांडले. दुभाष्याचे काम हलके समजू नये. एक शब्द कमी-जास्त झाला तर दोन देशांत रक्त सांडायचे. शिष्टाई निभावली. मनिलाकडून उत्तर येईपर्यंत या व्रतस्थांना जपानात राहण्याची मुभा मिळाली आणि मनिलावर स्वारी झाली नाही.

पुढे क्योटो शहरात जागा मिळाली. तिथे त्यांनी चर्च बांधले आणि शेजारी इस्पितळ उघडले, तेही कुष्ठरोग्यांसाठी. आपल्या वरोऱ्याजवळ १९४९ साली बाबा आमटे यांनी आनंदवन सुरू केले, तेव्हा कुष्ठरोग्याला गावात थारा नव्हता हे आपल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. सोळाव्या शतकातील क्योटोतही त्यांची स्थिती वेगळी नव्हती. ज्यांच्या जवळ कोणी जात नसे, त्यांच्या जखमा हे परदेशी बांधव धूत. गोन्सालो त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलत. आजाऱ्याला औषधाइतकीच आपल्या भाषेची गरज असते, हे माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या रुग्णाला चंद्रपूरच्या दवाखान्यात आणणाऱ्या कोणालाही विचारावे.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. १५८७ चे फर्मान कायम असताना इतक्या उघडपणे काम करावे का, हा प्रश्न तेव्हाही होता. येशूसंघाचे धर्मगुरू गाजावाजा न करता काम करीत होते. फ्रान्सिस्कनांच्या मोकळेपणामुळे सर्वच ख्रिस्ती लोकांवर संकट येईल अशी त्यांना भीती वाटत होती. दोन्हीकडे भली माणसे होती, दोघांचा हेतू शुद्ध होता, तरी त्यांचे एकमत झाले नाही. आपल्या घरात जावे-न जावे यावरून वाद होतो तेव्हा एक बाजू श्रद्धावान आणि दुसरी अश्रद्ध असे कोणी समजू नये.

नागासाकीची टेकडी

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले सान फेलिपे नावाचे स्पॅनिश गलबत वादळात सापडून जपानच्या शिकोकू बेटाला लागले. त्यावरील मौल्यवान माल हिदेयोशीच्या माणसांनी जप्त केला. या भांडणात गलबताच्या सुकाणूने स्पेनच्या साम्राज्याची बढाई मारली आणि आधी मिशनरी येतात, मागून सैन्य येते असा समज हिदेयोशीच्या मनात पक्का झाला, असे सांगतात. डिसेंबरमध्ये क्योटो आणि ओसाका येथील फ्रान्सिस्कनांच्या घरांना पहारे बसले आणि अटका झाल्या. ३ जानेवारी १५९७ रोजी २४ जणांच्या डाव्या कानाची पाळी कापून त्यांची शहरातून धिंड काढली. मग ऐन थंडीत, बर्फातून, सुमारे महिनाभर चालवत त्यांना नागासाकीला नेले. वाटेत आणखी दोघे त्यांत मिळाले. २६ जण झाले.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर या २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. परंपरा सांगते की सर्वांत आधी क्रुसावर गेले ते गोन्सालो. वय सुमारे ४० वर्षे.

या २६ जणांत ६ फ्रान्सिस्कन होते. उरलेले सर्व जपानी : येशूसंघाचे पॉल मिकी आणि त्यांचे दोन साथी, आणि १७ सामान्य श्रद्धावंत. त्यांत तीन मुलगेही होते. सर्वांत लहान लुईस इबाराकी फक्त १२ वर्षांचा. फ्रान्सिस्कनांपैकी मेक्सिकोचे फेलिपे यांनी तर जपानला जायचे ठरवलेच नव्हते. ते धर्मगुरूपदाच्या दीक्षेसाठी मायदेशी निघाले होते आणि वादळाने त्यांना तिथे आणून टाकले. म्हणजे त्या टेकडीवर विचार करून आलेला होता, न ठरवता आलेला होता आणि आपला देश कधीच न सोडलेलाही होता. घरी राहिल्याने सुरक्षितता मिळतेच असे नाही आणि बाहेर गेल्याने मरण येतेच असेही नाही.

हिदेयोशी पुढच्याच वर्षी, १५९८ साली, मरण पावला. १६२७ साली या २६ जणांना धन्यपद मिळाले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संत म्हणून जाहीर केले. त्या घटनेला १०० वर्षे झाली तेव्हा, १९६२ साली, निशिझाका टेकडीवर त्यांचे स्मारक उभे राहिले. योगायोग असा की आपल्या चांदा मिशनची स्थापनाही १९६२ चीच. वसईत संत गोन्सालो यांच्या नावाचे महाविद्यालय आहे, गास गावी त्यांच्या नावाचे चर्च आहे.

आपल्यासाठी काय?

संताचे जीवन म्हणजे नकाशा नव्हे की तसेच पाऊल टाकत जावे. गोन्सालो यांना बायको-मुले नव्हती. ज्याच्या पाठीमागे तीन लेकरे आणि म्हातारे आईवडील आहेत त्याने त्यांच्यासारखा निर्णय घेतलाच पाहिजे, असे ख्रिस्तसभा कधीही सांगत नाही. संत योसेफ हेरोदाच्या भीतीने मरिया व बाळ येशूला घेऊन रातोरात इजिप्तला गेले. हेरोद मेल्यावर परतले, पण यहुदियात त्याचा मुलगा राज्य करतो असे कळताच त्यांनी गालीलची वाट धरली. संत पौल दिमिष्कच्या तटावरून टोपलीत बसून निसटले. संकट टाळणे हे पाप नाही.

अलीकडचीच दोन उदाहरणे पाहा. २०१४ साली इराकमधील तिक्रित येथे युद्धात अडकलेल्या ४६ भारतीय नर्स जुलैमध्ये सुखरूप घरी आल्या. त्यांना कोणी भित्र्या म्हटले नाही. त्याउलट येमेनमधील एडन येथे मदर तेरेझांच्या भगिनी यादवी युद्धातही वृद्धांना सोडून गेल्या नाहीत. ४ मार्च २०१६ रोजी त्यांच्या आश्रमावर हल्ला झाला, चार भगिनी मारल्या गेल्या आणि फादर टॉम उझुन्नालिल यांना पळवून नेले. ते सप्टेंबर २०१७ मध्ये सुटले. नोकरीवर असलेल्याने परतणे आणि व्रतस्थाने थांबणे, दोन्ही आपापल्या जागी योग्य.

आपल्या भागाला या प्रश्नाची दुसरी बाजूही माहीत आहे. नक्षल चळवळीच्या काळात गडचिरोलीला बदली म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा, असे बाहेरचे लोक म्हणत. तरीही शिक्षक आले, नर्स आल्या, दूरच्या केरळातून धर्मभगिनी आल्या. भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना चालला. ही माणसे आली नसती तर आपले काय झाले असते? आणि इथे राहणाऱ्या आपल्याला हेही कळत होते की सबंध जिल्हा रोज पेटलेला नसतो. कोणता रस्ता, कोणते गाव, कोणती वेळ, हे स्थानिक माणूसच सांगू शकतो. परदेशाबद्दलही तेच. टीव्हीपेक्षा तिथे राहणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारावे.

तेव्हा निर्णयाच्या वेळी आम्ही चार प्रश्न सुचवतो. पहिला, मी तिथे कशासाठी जातो? पैशासाठी असेल तर गोन्सालो व्यापाऱ्याचा हिशेब करावा. जोखीम फार असेल तर थोडे थांबावे, संधी पुन्हा येते. दुसरा, माझ्याकडे असे काय आहे ज्याची तिथे खरी गरज आहे? गोन्सालो यांच्याकडे भाषा होती. तिसरा, मी कोणाशी बोललो? घरच्यांपासून धोका लपवून घेतलेला निर्णय हा विवेक नव्हे. चौथा प्रश्न सर्वांत कठीण : माझ्या निर्णयाची किंमत आणखी कोणाला मोजावी लागेल? नागासाकीला परदेशी ६ होते आणि तिथले २०. बारा वर्षांच्या लुईसचा चेहरा डोळ्यांपुढे आणून हा प्रश्न विचारावा.

आणि व्यवहारही सांभाळावा. एजंट सरकारकडे नोंदणी केलेला आहे का ते तपासावे. कराराची प्रत आणि पासपोर्टची झेरॉक्स घरी ठेवावी. परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचाव्यात, तिथे पोहोचताच भारतीय दूतावासात नाव नोंदवावे आणि परतीच्या तिकिटापुरते पैसे वेगळे बाजूला ठेवावेत. एवढे करून मग प्रार्थनेला बसावे. जे आपण स्वतः करू शकतो ते देवावर ढकलणे ही श्रद्धा नव्हे.

शेवटी जो जाईल त्याला आशीर्वाद देऊन पाठवू या आणि जो राहील त्याला टोमणा मारू नये. दोघांचीही नावे आपल्या रविवारच्या मिस्सात घेऊ या.

वसईच्या संत गोन्सालो गार्सिया, घर सोडून गेलेल्या आमच्या मुलांसाठी आणि त्यांची वाट पाहणाऱ्या आयांसाठी विनवणी कर.